फेर्डोकाकाचा सुरा चुकला

आमच्या टेकडीवर कुणाचंही डुक्कर मारायचं असलं की फेर्डोकाकाला बोलावतात. तो बाबांचा थोरला भाऊ. वर्षभर ट्रक दुरुस्त करतो, पण जानेवारी उजाडला की तो खाटीक होतो आणि मग सगळे त्याच्याशी जरा अदबीने बोलतात. शेजारचा लुडविक डुकराच्या कपाळावर गोळीऐवजी खिळा ठोकणारं पिस्तूल टेकवून त्याला बेशुद्ध करतो, डुक्कर कोसळतं, आणि त्याने पाय झाडायला सुरुवात करायच्या आत काकाचा सुरा गळ्यातून आत शिरून बाहेरही आलेला असतो. एक वार. दुसरा वार मी आयुष्यात केलेला नाही, असं काका सांगतो. कुणी विचारलं नसलं तरी सांगतो.

या वर्षी त्याचा पहिलाच वार चुकला. आणि कलेजी तव्यावर पडायच्या आत त्याच सुऱ्याने माझ्या बाबांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा केला होता.

पण आधी माझं थोडं सांगते, कारण त्या सकाळी अंगणात मी कशाला तडमडत होते ते कळायला हवं. गेल्या सप्टेंबरपर्यंत मला वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी कानांना घाम यायचा. काका मला चिचुंद्री म्हणतो ते उगीच नाही. मग शाळेच्या संशोधनाच्या कामासाठी मला खाली मारिबोर शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात दर गुरुवारी जायची परवानगी मिळाली, डॉक्टर यर्नेयाच्या प्रयोगशाळेत, आणि तिथे जे पाहिलं ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. बसमध्ये अनोळखी बायकांना सांगितलं. वर्गात उभं राहून सांगितलं. आता आई म्हणते, तू गप्प होतीस तेव्हा घरात निदान रेडिओ तरी ऐकू यायचा.

पाहिलं ते असं. डॉक्टर यर्नेया उंदराची मान चिमटीत धरते आणि एका झटक्यात मोडते, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज येतो. मग पोट उघडून पित्ताच्या नळीतून स्वादुपिंडात कोमट जेली भरते, बर्फावर ती गोठवते आणि त्याच्या जाड कागदासारख्या चकत्या कापते. उंदीर मेलेला असतो, पण चकती जिवंत असते. चकतीत इन्सुलिन करणाऱ्या पेशींची छोटी छोटी बेटं असतात. त्यांना असा रंग पाजलेला असतो की आत कॅल्शियम शिरलं की सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी हिरवी पेटते. साखर कमी असते तेव्हा पेशीच्या भिंतीतलं एक दार उघडं असतं, त्यातून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पेशी झोपून राहते. साखर वाढली की ते दार मिटतं, भिंतीवर वीज चढते, मग दुसरी दारं धाडकन उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या फुटतात. एक पेटली की शेजारची पेटते. बेटाच्या या टोकाला वणवा लागतो आणि त्या टोकाला जातो, विझतो, परत लागतो. पहिल्यांदा बघताना माझ्या तोंडून असा शब्द गेला जो बाबा फक्त ट्रॅक्टरला ऐकवतात.

एका गुरुवारी तिने चकतीवरच्या पाण्यातली साखर जवळपास काढून टाकली. बेट झोपलं. मग तिने त्यात मधुमेहाच्या एका जुन्या जातीच्या गोळीचं औषध सोडलं, आणि झोपलेलं बेट भडाभडा पेटलं. ती गोळी साखरेची वाट बघत नाही. पोटॅशियमचं दार ती स्वतःच लावून घेते. मी विचारलं, हे विझणार कधी. ती म्हणाली, मी औषध धुऊन काढीन तेव्हा. आणि माणसाच्या आत पेटलं तर? माणसाला धुता येत नाही, ती म्हणाली.

काका तीच गोळी घेतो. त्याला शरदात साखर निघाली, डॉक्टरने दारू सोडायला लावली आणि त्याने ती खरंच सोडली, हे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही.

तर, डुक्कर. डॉक्टर यर्नेयाला मी सांगितलं की आमच्याकडे डुक्कर मारणार आहेत, त्याचं स्वादुपिंड आणू का. ती हसली. म्हणाली, डुकराची बेटं फार नाजूक, बहुतेक वाया जाईल, पण आण. तिने मला बर्फाची पेटी दिली, थंड खारं पाणी दिलं, जेलीची मोठी सिरिंज दिली. अडचण एकच होती. आमच्यात डुक्कर मेलं की आधी त्याच्यावर राळ भुरभुरवून त्याला लाकडी डोणीत उकळत्या पाण्याने भाजतात, साखळीने केस ओरबाडतात, मग उलटं टांगतात आणि मग कुठे पोट फाडतात. तोवर स्वादुपिंड स्वतःलाच पचवून टाकतं. मी काकाला फोन करून विनवलं की माझ्यासाठी पोट आधी फाड. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, केसांसकट फाडायचं, हे बघायला माझा बाप कबरीतून उठून येईल, पण चिचुंद्रीला बोलता यायला लागलंय, तेव्हा करू.

दुसऱ्या एका गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं, कुणाचंच नव्हतं. कोलिनेच्या दिवशी, म्हणजे घरचं डुक्कर मारायच्या दिवशी, सकाळी कुणी काही खात नाही. पहिला घास त्याच डुकराच्या कलेजीचा, कांद्यावर परतलेल्या, आणि तोही डुक्कर टांगल्यावर. आदल्या रात्रीही सगळे नुसतं सूप पितात, पोटात जागा हवी म्हणून. सकाळी फक्त पेअरच्या दारूचा एक ग्लास, अंगणात उभ्याने, एकमेकांच्या डोळ्यांत बघून.

आम्ही अंधार सरताच काकाच्या अंगणात पोचलो. लुडविकचा ट्रॅक्टर बर्फात रुतला होता, त्यामुळे तो आला तोवर सूर्य द्राक्षमळ्याच्या वर चढला होता आणि डोणीसाठी चुलीवर ठेवलेलं पाणी दोनदा उकळून दोनदा निवलं होतं. काका सारखा सुऱ्याला धार लावत होता. मी त्याला म्हटलं, काका, किती धार लावशील, डुकराला दाढी करून देणार आहेस का. एरवी तो याच्यावर काहीतरी घाणेरडं बोलला असता. त्या दिवशी तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, जणू मी कोण ते आठवत होता. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. बाहेर नळाचं पाणी गोठलं होतं आणि माणूस घामाने भिजला होता. मी ते पाहिलं आणि चुलीजवळ काम केलं असेल असं ठरवून टाकलं.

श्टेफ्काकाकू, काकाची बायको, गुडघे टेकून परात घेऊन बसली. रक्त गोठू नये म्हणून ते हाताने सतत ढवळावं लागतं, आणि या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. मी बाह्या वर केल्या. बाबा आणि लुडविकने डुकराला कानाला धरून ओढत आणलं. ते किंचाळत होतं. लुडविकने पिस्तूल टेकवलं, फट्ट झालं, डुक्कर गुडघ्यांवर बसलं आणि आडवं झालं.

काका तिथेच उभा राहिला.

"फेर्डो," बाबा म्हणाले. "फेर्डो, घाल."

काका वाकला. सुरा आत गेला, पण फार वर, जबड्याजवळ, आणि हाडावर घासल्याचा आवाज मला परातीपर्यंत आला. त्याने तो ओढला, तो निघेना. डुक्कर शुद्धीवर आलं. दोन माणसांच्या वजनाचं ते जनावर गळ्यात सुरा घेऊन उठलं, काकूच्या अंगावरून गेलं, परात उडाली, आणि ते अंगणभर धावत सुटलं. बर्फावर लाल रेघोट्या उठत होत्या. ते कोंबड्यांच्या जाळीवर आपटलं, मग गाडीच्या दारावर, आणि त्याचं किंचाळणं आता किंचाळणं राहिलं नव्हतं, गळ्यातून बुडबुडे फुटत होते. बाबांनी त्याच्या मागच्या पायावर झेप घेतली. लुडविकने कुऱ्हाड उलटी धरली आणि तिचा बोथट तुंबा डोक्यावर घालायला लागला, एक, आणखी एक, आणखी, डुक्कर खाली बसेपर्यंत. मग काका चालत आला, सुरा दोन्ही हातांनी उपसला आणि परत घातला. परत. आणि परत. डुक्कर मेलं तरी तो घालतच होता.

माझ्या तोंडावर रक्त उडालं होतं आणि ते गरम होतं. आवाज थांबल्यावर अंगणात इतकी शांतता झाली की चुलीवरच्या पाण्याचं उकळणं ऐकू यायला लागलं.

लुडविकला गप्प बसता येत नाही हा त्याचा रोग आहे. तो म्हणाला, "वा फेर्डो. सकाळी सकाळी लावलीस वाटतं. पुढच्या वर्षी आम्ही पोस्टमनला बोलावू, त्याचा हात थरथरत नाही."

काका वळला. त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा होता आणि त्यावर घामाचे थेंब होते. तो काहीतरी म्हणाला, पण शब्द एकमेकांना चिकटले होते. आणि मग तो लुडविकवर चालून गेला. शिव्या नाहीत, काही नाही. भांडणात माणूस आधी ओरडतो, ढकलतो. हा नुसता सुरा धरून सरळ चालला, जणू लुडविक हे पुढचं डुक्कर होतं.

बाबा मधे पडले. सुरा त्यांच्या हातावरून खाली आला आणि कातडी सदऱ्यासारखी उसवली. मला आत काहीतरी पांढरं दिसलं. बाबा ओरडले नाहीत, फक्त "अरे रायको आहे मी" म्हणाले, दोनदा. काका त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला रायको दिसत नव्हता. त्याने सुरा परत उचलला. तेव्हा लुडविकने मागून तुंबा घातला, खांद्यात, मग डोक्यात, आणि काका गुडघ्यांवर आला. दोघांनी मिळून त्याला फरफटत नेलं आणि उतारावरच्या वाईनच्या तळघरात, काकूने ते उघडताच, ढकलून दार लावलं. काकूने कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

आतून त्याने दारावर धडका द्यायला सुरुवात केली.

"झोपू दे," लुडविक धापा टाकत म्हणाला. "उतरली की येईल शुद्धीवर."

आई बाबांच्या हाताला टॉवेल गुंडाळत होती, टॉवेल लगेच लाल होत होता. ती पोलिसांना बोलवा म्हणत होती. बाबा नको म्हणत होते, भाऊ आहे. मी मधे उभी होते, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली, आणि माझ्या डोक्यात काकाची ओली पाठ फिरत होती. दारावरच्या धडका मंदावत चालल्या होत्या. लुडविक म्हणाला, बघा, पेंगला. मला एकदम ते झोपलेलं बेट दिसलं. साखर नसलेल्या पाण्यात पेटलेलं.

मी काकूजवळ गेले. "काकू, आज त्याने गोळी घेतली?"

"कसली गोळी?"

"साखरेची."

"दोन घेतल्या," ती म्हणाली. "आज खायचं खूप आहे ना. म्हणाला, एक कलेजीसाठी आणि एक सॉसेजसाठी."

मी म्हटलं, काकू, तो प्यायलेला नाही, त्याची साखर पडलीये, दार उघड, तो आत मरेल. एका दमात म्हटलं. सप्टेंबरआधीची मी असते तर बाबांच्या कानात सांगून वाट बघत बसले असते.

लुडविक हसला. तो म्हणाला, गुरुवारी उंदीर कापतात आणि शनिवारी डॉक्टर होतात. पण काकू हसली नाही. तिने खिशावर हात ठेवला. तिचं डावं मनगट थोडं वाकडं आहे, ते का वाकडं आहे हे आमच्या टेकडीवर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

"वीस वर्षं," ती म्हणाली, "मी वाट बघत होते की कुणीतरी त्याला असा कोंडेल. तेव्हा कुणी आलं नाही. आज आलेत. आणि तू मला दार उघडायला सांगतेस?"

ती खरं बोलत होती. आतली धडक आता धडक नव्हती, काहीतरी लाकडाला घासत होतं. मला बेटं, पोटॅशियम, वीज, सगळं एकदम सांगावंसं वाटलं आणि मला कळत होतं की त्यातल्या एकाही शब्दाने ते कुलूप निघणार नाही. मी म्हटलं, "काकू, आज त्याला किती दारू दिलीस?"

"एक ग्लास, रिवाजाचा. तुम्ही आणलेल्या बाटलीतला, मीच ओतला."

"चोरून?"

"चोरून कुठून घेईल? घरातली सगळी मी शरदातच शेजारी पोचवली, आणि तळघरातल्या वाईनची किल्ली माझ्याकडे असते."

"मग एका ग्लासात फेर्डोकाका पडतो?"

तिने खिशातली किल्ली चाचपली. फेर्डोकाका पिणारा होता तेव्हा अर्धी बाटली संपवून सुईत दोरा ओवायचा, पैजेवर. नशेत तो मारायचा तेव्हा ओरडायचा, रडायचा, देवाला शिव्या द्यायचा. सगळी टेकडी ऐकायची. त्याच्या नशेची तिच्याइतकी जाणकार जगात दुसरी नव्हती.

"तो आज काहीच बोलला नाही," काकू हळूच म्हणाली. मग तिने किल्ली काढली.

मी स्वयंपाकघरात धावले आणि मांडणीवरून मालिनोवेत्सची बाटली उचलली, रासबेरीचा घट्ट पाक, पाण्यात घालून मुलांना देतात तो. काकू तोवर दार उघडून आत गेली होती. तळघरात एक पिंप फुटलं होतं आणि जमिनीवर वाईन होती. काका त्यात बसला होता, नखांतून रक्त येत होतं, आणि मान एका लयीत हलत होती. मी जवळ जाऊन बाटली पुढे केली. म्हटलं, काका, घे. त्याने माझे केस धरले.

तो इतका जोरात ओढेल असं वाटलं नव्हतं. माझं डोकं पिंपावर आपटलं, डोळ्यांपुढे हिरवं चमकलं, आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटलं, कॅल्शियम. मग काकू त्याच्या छातीवर बसली. अक्षरशः बसली, दोन्ही गुडघे त्याच्या दंडांवर, आणि तिने ज्या ताकदीने त्याचे कान धरले त्यात फक्त आजची सकाळ नव्हती. लुडविकने पाय धरले. मी त्याचे दात फाकवून बाटली लावली. त्याने माझं बोट चावलं, हाडापर्यंत. मी बोट काढलं नाही, कारण तोंड त्यामुळेच उघडं होतं.

"गीळ, मेल्या," काकू म्हणत होती. "गीळ. तुला मरायला मी देणार नाही, इतक्या सुखासुखी नाही."

पाक त्याच्या हनुवटीवरून सांडत होता, माझं रक्त त्यात मिसळत होतं, सगळं एकाच रंगाचं. त्याने एक घोट गिळला. थुंकला. परत गिळला. आम्ही त्याच्यावर तसेच पडून राहिलो, तिघेही धापा टाकत. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या दातांची पकड सुटली. त्याने डोळे मिचकावले, छतातल्या जाळ्यांकडे पाहिलं, मग काकूकडे.

"श्टेफ्का," तो म्हणाला, "माझ्यावर का बसलीयेस? लोक आहेत."

लुडविक हसायला लागला आणि हसता हसता रडला. काकूने काकाच्या थोबाडीत एक दिली आणि मगच ती उठली.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. त्याला काहीच आठवत नव्हतं. अंगणात येऊन त्याने बाबांचा हात पाहिला आणि विचारलं, रायको, हे कुणी केलं? तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत गेला आणि शेवटी स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग तो दारातल्या ओंडक्यावर बसला आणि बाबांच्या पायांकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, डुक्कर उठलं." काकूने त्याला पाव आणला. रंग परत आला, घाम थांबला. सगळे म्हणायला लागले, झालं, सुटला, आता जरा पडू दे त्याला. काकू आत अंथरूण घालायला गेली.

आणि मी परत नको म्हणाले. मला माहीत होतं की त्याच्या आत त्या दोन गोळ्या अजून दारं दाबून बसल्या आहेत. आम्ही ओतलेली साखर मेंदूला मिळाली होती, पण ती साखर त्या पेटलेल्या बेटांनाही मिळाली होती, आणि ती आता आणखी जोरात पेटणार होती. तो झोपेल, साखर परत पडेल, आणि झोपलेला माणूस चावत नाही, ओरडत नाही, कुणाला कळतही नाही. मी हे सांगितलं. काका म्हणाला, चिचुंद्रे, पुरे आता, मला डुक्कर भाजायचंय. बाबाही म्हणाले, तो ठीक आहे गं.

मग मी बाबांच्या टॉवेलकडे बोट दाखवलं. म्हटलं, तुम्हाला टाके घालायला मारिबोरला जावंच लागणार. आई गाडी चालवेल. बाबा बेशुद्ध पडले तर त्यांना धरायला मागे कोण बसणार? माझं तर हे बोट फाटलंय. काकाने एकदा भावाच्या हाताकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसले, मांडीवर पाकाची बाटली. बर्फाची पेटी मी अंगणातच विसरले.

मारिबोरच्या पुलाच्या अलीकडे त्याची साखर परत पडली. बाबांना काहीतरी सांगत होता, पुढच्या छाटणीबद्दल, आणि वाक्याच्या मधेच त्याचा आवाज जाड झाला. त्याचा हात वर आला, माझ्या मानेला लागला, बोटं आवळली. या वेळी मी बोलून वेळ घालवला नाही. बाटली लावली. बाबांनी चांगल्या हाताने त्याचं मनगट पिरगाळलं, त्यांचे टॉवेलमधले थेंब आम्हा दोघांवर पडत होते, आणि आई आरशात न बघता, ओठ चावत, सिग्नल तोडत गेली. काकाने अर्धा घोट घेतला, मग त्याचं अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले, तेव्हा मी बाटली काढली आणि त्याला कुशीवर केलं. त्याची टाच दारावर आपटत होती. टेकडीवर तो आत्ता एकटा, अंथरुणात असता.

रुग्णालयात त्याला शिरेतून साखर लावली आणि एक इंजेक्शन दिलं. तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, गोळ्या कोणत्या, कधी, खाल्लं काय. मी सांगितलं. इंजेक्शन काय करतं ते मी विचारलं तर तो म्हणाला, त्या पेशींतली कॅल्शियमची दारं बंद करतं. हे त्याने लहान मुलीला सांगतात तसं सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला इतकं रडू आलं की एक परिचारिका माझ्याच बोटाला टाके घालायला बसली, तिला वाटलं ते दुखतंय.

काकाला दोन दिवस ठेवून घेतलं. इंजेक्शन दिल्यावरही साखर एकदा पडली.

डुक्कर लुडविक आणि काकूने पुरं केलं. संध्याकाळी लुडविकने माझी पेटी आणून दिली. त्याने माझ्यासाठी ते काढून ठेवलं होतं, अगदी नीट, बर्फात. मी झाकण उघडलं. आत प्लीहा होती. स्वादुपिंड मांजराने खाल्लं होतं. मी त्याचे आभार मानले.

बाबांची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही उठलो तर काका आमच्या मळ्यात वेली छाटत होता. कुणी बोलावलं नव्हतं. तो ओळीच्या ओळी छाटत गेला आणि बाबा खिडकीतून बघत राहिले, दुपारी त्यांनी त्याच्यासाठी ताट वाढायला लावलं. जेवताना दोघे हवामानाबद्दल बोलले. काकूने तळघराची किल्ली अजून एप्रनच्या खिशातच ठेवली आहे. ती काढत नाही, आणि काका मागत नाही.

मार्चमध्ये तो म्हणाला, मला ते दाखव. तर मी त्याला एका गुरुवारी घेऊन गेले. तो रविवारचा कोट घालून आला होता. डॉक्टर यर्नेयाने चकती लावली, साखर काढली, गोळीचं औषध सोडलं. पडद्यावर बेट पेटलं, एक लाट, मग दुसरी, मग थांबायचं नावच नाही. काका पुढे झुकून बघत होता. हात मांडीवर घट्ट मिटलेले.

"थांबत नाही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मग तो डॉक्टर यर्नेयाकडे वळला आणि जरा अवघडून म्हणाला, "या उंदराला कुणी मारलं?"

"मी," ती म्हणाली.

"एका झटक्यात?"

"एका झटक्यात."

काकाने मान हलवली, टोपी उचलली आणि म्हणाला, "मग ठीक आहे." बाहेर आल्यावर त्याने मला एक डोनट घेऊन दिलं आणि स्वतःसाठी घेतलं नाही. पुढच्या जानेवारीला सुरा पोस्टमनकडे द्यायचा असं त्याने ठरवलंय. मी म्हटलं, त्यापेक्षा मला शिकव. तो थांबला, माझ्या बोटावरच्या त्याच्या दातांच्या खुणेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आधी काहीतरी खाऊन ये, चिचुंद्रे."